नत्थूजीचा घट्ट चहा

नत्थूजीचा चहा एकाएकी चांगला लागायला लागला, तिथंच कृष्णकांतराव हिंगणीकरांना संशय यायला हवा होता. सिंदी मेघेच्या नाक्यावर नत्थूजीची टपरी होती आणि तिथला चहा चांगला लागल्याचं आजवर कुणाच्या ऐकिवात नव्हतं. दूध नुसतं दाखवून परत नेलं असावं असा त्याचा रंग, आणि चव म्हणाल तर गरम पाण्याची. तरी वर्ध्याहून कचेऱ्या सुटल्यावर सायकलींवरून घरी येणारी मंडळी तिथं थांबत, कारण टपरीवर गोठी, म्हणजे गप्पा, मिळत आणि त्या घरी मिळत नसत. तर त्या संध्याकाळी कृष्णकांतरावांच्या हातात काठोकाठ भरलेला कप आला. वर साय, आत अद्रक, आणि कप विसळलेला!

आपल्या माणसाची गंमत अशी की वाईट घडलं की तो शेजाऱ्यावर संशय घेतो आणि चांगलं घडलं की स्वतःच्या गुणांवर विश्वास ठेवतो. कृष्णकांतरावांना वाटलं, आपण लेखक होत चाललो आहोत ते लोकांना दिसायला लागलं. चेहऱ्यावर तेज वगैरे येत असावं.

लेखक होण्याचं हे खूळ जुनंच होतं, पण त्याला धार आली ती नागपूरच्या एका मासिकाच्या कार्डामुळे. कृष्णकांतराव एका सरकारी कचेरीत मसुदे लिहीत. तिथं त्यांच्या मराठीला मान होता. त्याच मराठीत ते कथा लिहीत आणि मासिकाला पाठवीत, आणि कथा इमानदारीत परत येत. यावेळी कथेसोबत संपादकांनी दोन ओळीही पाठवल्या होत्या. ‘आपली पात्रे बोलत नाहीत, टिपणी सादर करतात. जिवंत बोलणारी माणसे असलेली एखादी कथा असल्यास दसऱ्यापर्यंत पाठवा, दिवाळी अंकासाठी जरूर पाहू.’

हा आरोप निराधार होता असं म्हणता यायचं नाही. त्यांच्या कथेतला नायक नायिकेला म्हणाला होता, ‘सुलभे, तुझ्या कालच्या स्मितास अनुसरून मला असे कळवावेसे वाटते.’ आणि त्यातला म्हातारा शेतकरी म्हणाला होता, ‘तथापि, बैल आजारी आहे.’

“त्यांनी वाचली तरी,” असं म्हणून प्रमोदिनीबाई, म्हणजे कृष्णकांतरावांची बायको, पोळ्या लाटत राहिल्या. कृष्णकांतरावांना ते लागलं. एकदा, फक्त एकदाच, आपलं लिहिलेलं वाचून कुणी ‘हे खरं आहे हो’ म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती. एवढ्या माफक इच्छेसाठी माणसाला किती फिरावं लागतं, ते पुढं येईलच.

ते श्रीधर पाठराबे सरांकडे गेले. सर वर्ध्यातल्या एका शाळेत मराठी शिकवत. स्वतः काही लिहीत नसत, त्यामुळे त्यांना लिहिण्याबद्दल सगळं ठाऊक होतं. ते म्हणाले, “कृष्णकांतराव, एकदम कथेला हात घालू नका. पैलवान पहिल्याच दिवशी दोनशे जोर मारतो का? छोटे छोटे पण, म्हणजे नेम, करा, झेपतील असे. एका जागी उभं राहायचं आणि दिसेल तेवढंच लिहायचं. घरी रोज नव्या रस्त्यानं जायचं. अनोळखी माणसाला एखादा बिनकामाचा प्रश्न विचारायचा. आणि लोकांचं बोलणं कानानं टिपून जसंच्या तसं उतरवायचं. मनाचं काही घालायचं नाही.”

इतका निरुपद्रवी सल्ला जगात दुसरा नसेल. फक्त तो वर्धा जिल्ह्यात द्यायचा नव्हता.

का, ते बाहेरच्याला सांगावं लागेल. एक तर आणीबाणी नुकतीच उठली होती आणि लोकांची मान मागं वळवून बघायची सवय अजून गेली नव्हती. दुसरं असं की जिल्ह्यात दारूबंदी होती. महात्म्याचा जिल्हा, त्यामुळे दारू नाही, हे कागदावर. कागदाबाहेर काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं. अशा ठिकाणी एखादा माणूस विजेच्या खांबाला टेकून रोज संध्याकाळी नाक्याकडे टक लावून कागदावर काही लिहितो, म्हणजे तो कोण? साहित्यिक, असं उत्तर देणारा सिंदी मेघेत एकही माणूस नव्हता. त्यातून कृष्णकांतराव लिहीत ते कचेरीतल्या रद्द मसुद्यांच्या पाठकोऱ्या कागदांवर. लिहिताना कागदाची दुसरी बाजू लोकांकडे असे, आणि तिच्यावर ठळक अक्षरात ‘कार्यालय’ छापलेलं असे.

पहिला पण असा पार पडला. बिनकामाच्या प्रश्नासाठी त्यांनी सायकली दुरुस्त करणारे अण्णाजी निवडले आणि अगदी हसून विचारलं, “काय हो अण्णाजी, हे दुकान तुम्ही इथंच का टाकलं?”

अण्णाजींच्या हातातला पाना खाली पडला. दुकानाचा निम्मा भाग सडकेवर होता, ही गोष्ट कृष्णकांतरावांच्या कधी ध्यानातही आली नव्हती. “असंच जी,” अण्णाजी म्हणाले, “अथी सावली हाय म्हून. तसं हलवता येते.” दुसऱ्या दिवशी दुकान हातभर मागं सरकलं होतं. आठवडा संपेतो ते तिथून नाहीसंच झालं आणि त्याच दिवशी कृष्णकांतरावांची सायकल नेमकी तिथं पंक्चर झाली. ती ढकलत नेताना त्यांना आपल्या निरीक्षणशक्तीचा जरा राग आला.

नव्या रस्त्यांचंही तसंच. परसदारांच्या बोळांतून, गोठ्यांच्या मागून, लोकांच्या न्हाणीघरांच्या बाजूनं ते घरी यायला लागले. शेजारचे महादेवराव हे जुने शेतकरी, गिरडकडे त्यांची शेती. त्यांच्या बायकोनं, देवकाबाईनं, लाडूसाठी ठेवलेली मोहाची सुकी फुलं मागच्या अंगणात ऊन दाखवायला पसरली होती. मोह म्हटला की लाडू आठवणारी माणसं जगात थोडी आणि दारू आठवणारी फार. कुंपणापलीकडे कृष्णकांतराव थांबून कागद काढताना दिसले तशी तिनं सगळी फुलं घमेल्यात भरली आणि गाईपुढं नेऊन ओतली. गाय दोन दिवस तंद्रीत होती. कृष्णकांतरावांनी लिहिलं, ‘गाय. मुद्रा चिंतनशील.’

घरीही संशयाचं वारं शिरलं. प्रमोदिनीबाईंनी एका संध्याकाळी कप जरा आपटूनच ठेवला.

“तुम्ही रोज वेगळ्या रस्त्यानं काहून येता?”

“पण केला आहे.”

“कोणाचं घर टाळता का कोणाचं घर गाठता?”

“अगं, सृजनशक्तीला ताण देतोय.”

“मलाच देऊन राह्यले तुम्ही ताण,” त्या म्हणाल्या आणि पुढचे चार दिवस भाजीत मीठ कमी पडत गेलं.

पण खरी पंचाईत झाली ती कानाच्या पणात. कृष्णकांतराव टपरीच्या बाकड्यावर बसले की आधी सगळे एकमेकांकडे बघायचे. मग कुणीतरी खाकरायचं आणि बोलणं सुरू व्हायचं.

“नमस्कार, महादेवराव,” नत्थूजी म्हणायचा. हा तोच नत्थूजी, ज्यानं उभ्या जन्मात कुणाला नमस्कार केला नव्हता. “आज हवामान उत्तम आहे.”

“होय,” महादेवराव म्हणायचे. “आपल्या गावात सर्व नागरिक सुखी आहेत.”

“व्यसन वाईट आहे.”

“फारच वाईट आहे. मी तर चहासुद्धा कमीच पितो.” असं म्हणून महादेवराव तिसरा कप उचलायचे.

कृष्णकांतराव जसंच्या तसं उतरवत होते, कारण मनाचं काही घालायचं नव्हतं. घरी येऊन वाचलं की घाम फुटायचा. त्यांची पात्रं माणसांसारखी बोलत नाहीत म्हणून ते माणसांत गेले, तर माणसंच त्यांच्या पात्रांसारखी बोलायला लागली होती! ‘तथापि’ तेवढा यायचा राहिला होता. मग एके दिवशी नत्थूजी ‘तथापि साखर महाग आहे’ असं म्हणाला आणि तोही आला.

याच सुमाराला त्यांना आणखी एक गोष्ट टोचायला लागली. पूर्वी टपरीवर त्यांना सगळे ‘किस्नाभाऊ’ म्हणत. ‘किस्नाभाऊ, सरक ना बाप्पा तिकडे,’ असं म्हणून कुणीही मांडीला मांडी लावून बसे. आता ते ‘साहेब’ झाले होते आणि बाकड्यावर त्यांच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा राहत होती. घट्ट चहा घशाखाली उतरेना. खरं सांगायचं तर त्यांना फार एकटं वाटायला लागलं होतं.

उलगडा झाला तो तांदळाच्या डब्यात. बायको देवळात गेली असताना खिचडी टाकावी म्हणून त्यांनी डब्यात हात घातला, तर हाताला बाटली लागली. ब्रँडीची. अर्धी. कृष्णकांतराव मटकन पाटावर बसले. प्रमोदिनीबाई आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “देवकाबाईंची आहे. नातवाच्या छातीला चोळायला नागपूरहून आणलेली.”

“मग आपल्या तांदळात का?”

“त्या म्हणाल्या, तुमच्या घरची झडती कोण घेते? तुमचे साहेबच त घेतात.”

“मी?”

“तुम्ही सीआयडीत आहा म्हणतात सगळे. मला आधी खोटं वाटलं. मग म्हटलं, मासिकात त काही छापून येत नाही, मग हा माणूस इतकं लिहितो कोणासाठी?”

कृष्णकांतरावांच्या मनात त्या क्षणी दोन भावना आल्या आणि त्यांतली पहिली, सांगायला लाज वाटते, अभिमानाची होती. दुसरी मागून आली आणि ती जास्त वेळ राहिली. इतकी वर्षं ज्यांच्या मांडीला मांडी लावून बसलो, त्यांना आपण चुगलखोर वाटलो? ते तडक महादेवरावांच्या ओट्यावर गेले.

“महादेवराव, मी सरकारचा हेर वगैरे नाही. मी कथा लिहितो.”

महादेवरावांनी आजूबाजूला पाहिलं आणि एक डोळा मिटला. “समजलो जी, समजलो. तुमाले सांगता येत नाई ना. आमी बी कोनाले सांगत नाई.”

“अहो, खरंच कथा!”

“हाव, कथाच. पायजा साहेब, आमचं नाव तेवढं कथेत नका घेजा.”

खुलासा केला की संशय पक्का होतो, हे कचेरीत इतकी वर्षं काढूनही कृष्णकांतरावांच्या ध्यानात आलं नव्हतं. दसरा जवळ आला होता. कागदांचा गठ्ठा वाढत होता आणि त्यात जिवंत वाक्य एकही नव्हतं. देवकाबाईची बाटलीही तांदळातून हलेना, कारण ‘राहू द्या जी, तथीच बरी हाय.’

आणि मग एका संध्याकाळी नाक्यावर जमादार आला.

पोलिसांनाही डोळे असतात. गेले कित्येक दिवस एक इसम ठरावीक वेळी कोपऱ्यावर उभा राहतो, जाता-येता रस्ते बदलतो, अनोळखी लोकांशी बोलतो आणि नोंदी ठेवतो, हे त्यांनाही दिसलं होतं. फक्त त्यांनी हिशेब दुसऱ्या बाजूनं मांडला होता. जमादारानं सायकल खांबाला लावली आणि कृष्णकांतरावांच्या हातातला गठ्ठाच उचलला.

“काऊन भाऊ, का लिहून राह्यले?”

“कथेची टिपणं आहेत.”

जमादार मोठ्यानं वाचायला लागला. “‘नमस्कार महादेवराव. आज हवामान उत्तम आहे. होय. आपल्या गावात सर्व नागरिक सुखी आहेत.’” त्यानं मान वर केली. “सिंदी मेघेत असं कोन बोलते?”

बाकड्यावरच्या महादेवरावांनी कपात डोकं घातलं.

“मले शिकवता का? ‘हवामान उत्तम’ म्हंजे माल आला. ‘नागरिक सुखी’ म्हंजे वाटप झालं. अन् हे ‘तथापि साखर महाग’ म्हंजे भाव वाढला. कोनाच्या भट्टीवर पहारा करता तुमी? चाला, घर दाखवा तुमचं. झडती घेतो.”

घर! तांदळाचा डबा कृष्णकांतरावांच्या डोळ्यांपुढं उभा राहिला. आपण पकडले गेल्याची बातमी कचेरीत कोणत्या शब्दांत फिरेल तेही त्यांना ऐकू आलं. ‘सदरहू कर्मचारी मद्यासह आढळून आला.’ बोटानं दाखवायचं म्हटलं तर देवकाबाई सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी घेऊन समोरच उभी होती. पण त्यांनी तोंड उघडलं नाही. चुगलखोर ठरून इतके दिवस बसले होते, आता खरोखर चुगली करायची वेळ आली तर जीभ उचलली नाही.

नत्थूजीचा हात किटलीवर थबकला होता. “जमादारसाहेब,” तो हळूच म्हणाला, “म्हंजे हा मानूस तुमचा नाई?”

“आमचा? मी त तुमचा समजलो.”

नाक्यावर क्षणभर पंक्चरच्या टायरसारखी बारीक हवा सुटल्याचा भास झाला. मग नत्थूजीनं किटली आदळली.

“अबे किस्नाभाऊ! मंग कोनाचा हायेस तू? पंधरवडाभर साय टाकून राह्यलो मी तुह्या कपात! माह्या पोट्ट्याले साय नाई अन् तुले साय! अद्रक कुटून कुटून हात गेला माहा! ‘हवामान उत्तम’ म्हन म्हनून बायकोनं घरी पाठ करून घेतलं माह्याकडून!”

“अन् माही गाय!” देवकाबाई पुढं झाली. “वर्षाचा मोह गेला गाईच्या पोटात! दोन दिवस भिताडाले टेकून उभी होती बिचारी. वास पाहू पाहू मेली मी, लोकं म्हनतीन गाय पिते! अन् ओ जमादार, तुमी काऊन त्याच्या घरी जाता? का हाय त्याच्या घरी? पुस्तकं हायेत अन् एक बायको हाय कंटाळलेली. ह्या बह्याडाले दारू कोन देईन? त्याले उभं राहू राहू चहा पचत नाई!”

“तथापि—” कृष्णकांतराव म्हणाले.

“चूप बस!” सगळे एकदम ओरडले.

“पन ह्या कागदाचं का?” जमादारानं क्षीण आवाजात विचारलं.

“ते आमीच बोललो जी,” महादेवराव कपाळाला हात लावून म्हणाले. “याले साहेब समजून बोललो. आमच्या तोंडाले फेस आला बोलू बोलू. मी म्हनलं, नागपूरले पोरीकडे निघून जावं, पन हे शुद्ध बोलनं नाई होत आता. अन् हा लेकाचा खाली मान घालून उतरून राह्यला! अबे, एक डाव तरी म्हनाचं होतं ना, की बाप्पा, असे का बोलून राह्यले तुमी!”

“मी कथा लिहितो म्हणालो होतो, महादेवराव. तुम्ही डोळा मिटलात.”

“मंग दुसरा डोळा उघडा होता ना!”

जमादार गर्दीच्या मधे सापडला. देवकाबाई त्याच्या आणि कृष्णकांतरावांच्या घराच्या रस्त्याच्या मधोमध उभी होती, आणि तिला ओलांडून जायचं तर वरून हुकूम आणावा लागला असता. त्यानं नत्थूजीनं पुढं केलेला चहा घेतला, तो घट्ट होता, संपवला, आणि सायकलीवर टांग मारताना ‘तपासासाठी’ म्हणून कागदांचा गठ्ठा घेऊन गेला. कानाचा अख्खा पण त्याच्याबरोबर गेला.

कृष्णकांतरावांना चहा कुणी दिला नाही. ते तिथंच उभं राहून अर्धा तास शिव्या खात होते. आयुष्यात इतकी बोलणी त्यांनी कधी खाल्ली नव्हती आणि इतकी मन लावून कधी ऐकली नव्हती. नत्थूजी दमला तेव्हा ते कळवळून म्हणाले, “ते गाईचं पुन्हा एकदा म्हणा हो देवकाबाई,” आणि मग मात्र तिनं सांबाराची जुडी त्यांच्या अंगावर फेकली.

घरी आल्यावर त्यांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं आणि लिहायला बसले. कागद कोरे होते, टिपण एकही नव्हतं, पण कान भरलेले होते. प्रमोदिनीबाई ताट उचलायला आल्या आणि खांद्यावरून वाचायला लागल्या. आधी त्यांच्या नाकातून आवाज आला. मग त्यांनी पदर तोंडाला लावला. ‘दुसरा डोळा उघडा होता ना’पाशी त्या खाली बसल्या.

“अगंबाई,” त्या म्हणाल्या, “हे त खरंच महादेवराव आहेत.”

कृष्णकांतरावांचे डोळे भरून आले. पुढची ओळ त्यांना जरा वेळानं दिसली.

देवकाबाईची बाटली दुसऱ्याच दिवशी परत गेली. ‘तुमच्या घरी आता भेव हाय,’ असं ती म्हणाली. अण्णाजींचं दुकान सडकेवर आलं, पहिल्यापेक्षा हातभर पुढंच. आणि दिवाळीत अंक आला, त्यात कथा होती, नावं तेवढी बदललेली. टपरीवर महादेवरावांनी चष्मा लावून ती अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवली. कृष्णकांतराव बाकड्याच्या टोकाला जीव मुठीत धरून बसले होते.

वाचून झाल्यावर नत्थूजीनं स्टोव्हला दोन पंप मारले.

“काहीबी लिवते हा मानूस,” तो म्हणाला. “मी असा बोलतो काऊन? अबे, असं कोन बोलून राह्यलं अथी? सपा खोटं हाय.”

“मी बी असा नाई बोलत,” महादेवराव म्हणाले. “लोकं का म्हनतीन?”

“त्यापरीस तो पयला कागद बेस होता, जमादारानं नेला तो,” नत्थूजी हळहळला. “‘आज हवामान उत्तम आहे.’ कसं शोभून दिसे मले! ते काऊन नाई छापलं बे, किस्नाभाऊ? अन् सरक ना तिकडे, महादेवरावले बसू दे.”

कृष्णकांतराव सरकले. महादेवराव मांडीला मांडी लावून बसले आणि नत्थूजीनं न विसळलेला कप कृष्णकांतरावांच्या हातात दिला. चहा नेहमीसारखा पातळ होता, तळाची नक्षी वरून दिसत होती. त्यांनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि आणखी एक मागितला.